विमानाच्या पोटातला कान

विजेच्या गोंगाटापासून दूर राहण्याचं मोल अलिबागला ठाऊक आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून तिथल्या कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये इथे आली. रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानालाही हाच त्रास: निरोप हळू, गोंगाट मोठा.

जुन्या ७२ मेगाहर्ट्झच्या एफएम संचात काडेपेटीएवढा रिसिव्हर आणि मागे लोंबणारी साधारण एक मीटरची वायर असते. ही लांबी लहरीच्या पाव भागाइतकी. नीटनेटकं दिसावं म्हणून ती कापू नका, पल्ला घटतो.

हातातली स्टिक जिथे असेल त्याप्रमाणे १ ते २ मिलिसेकंदांचा स्पंद निघतो, १.५ म्हणजे सुकाणू मध्यावर. सुकाणूसारखे भाग हलवणाऱ्या सगळ्या सर्व्हो मोटरींचे स्पंद ओळीने, सेकंदाला सुमारे ५० वेळा. एफएमची खुबी अशी, की निरोप लहरीच्या उंचीत नसतो, वारंवारतेच्या किंचित सरकण्यात असतो. मोटरची ठिणगी मुख्यतः उंची बिघडवते, म्हणून रिसिव्हर उंचीतले चढउतार छाटूनच टाकतो. किती सुंदर युक्ती!

मात्र त्याच चॅनेलवर शेजाऱ्याने ट्रान्समीटर लावला, तर विमान हातचं गेलं. म्हणून मैदानावर नियम असा: चॅनेलचा चिमटा ज्याच्याकडे, त्यानेच संच सुरू करायचा. आजच्या २.४ गिगाहर्ट्झ संचात रिसिव्हर आपल्याच ट्रान्समीटरची ओळख पक्की धरतो आणि अँटेना बोटभर पुरते.

किनाऱ्यावर उडवत असाल तर घरी परतल्यावर रिसिव्हरचे प्लग कोरड्या ब्रशने साफ करा. खारा वारा तांब्या-पितळेचे सांधे हिरवे करतो.