पावसात होड्या बंद, मग व्हीआरवर धंदा होईल का?

पावसाळ्यात मालवणात समुद्र खवळलेला, होड्या बंद. 1664 साली महाराजांनी कुरटे बेटावर बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग समोर दिसतो, पण जाता येत नाही. व्हीआरला काम आहे ते इथेच.

हेडसेटमध्ये दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दिसतात, म्हणून खोली जाणवते. मान वळली की सेन्सर दृश्यही वळवतात. 360 कॅमेऱ्याच्या व्हिडिओत मात्र चारी बाजूंना बघता येतं, चालत पुढे जाता येत नाही. गिऱ्हाईकाला हे आधीच सांगा.

माझी चूक ऐका. दुकानात पहिला डेमो दिला तो हलत्या होडीतून काढलेल्या व्हिडिओचा. दोन मिनिटांत मावशींना गरगरलं! डोळ्यांना हालचाल दिसते, शरीर खुर्चीत स्थिर, मग मेंदू गोंधळणारच. आता कॅमेरा स्टँडवर ठेवूनच शूट करतो.

तारकर्लीत स्कूबाला घाबरणाऱ्यांना हाताच्या खुणा असं आधी शिकवता येतील. अंगठा वर म्हणजे ‘मस्त’ नाही, ‘वर चला’! श्वासाची सवय मात्र पाण्यातच होते.

कर्ज काढून पाच हेडसेट घेऊ नका. एकच घ्या, होमस्टेच्या पडवीत ठेवा आणि बघितल्यावर किती पाहुण्यांनी ऑक्टोबरचं बुकिंग केलं ते वहीत लिहा. आणि हो, दर पाहुण्यानंतर पुसायला फडकं ठेवा हां.