फिकट जीन्स आणि कामगारांची फुप्फुसे

आमची तरुण पोरे आज दुकानातून नवी जीन्स आणतात, ती मांडीवर फिकट आणि गुडघ्यावर विटलेली. आमच्या आजा-आजीने विटलेले कपडे घातले ते नाइलाजाने. आज तोच विटकेपणा जादा पैसे मोजून घेतला जातो. पोरांवर आमचा राग नाही. नीटनेटके राहा, हे तर १९२७ साली महाडला बाबासाहेबांनीच सांगितले. प्रश्न एवढाच, नव्या कपड्याला हे जुनेपण देतो कोण? आणि त्याची किंमत मोजतो कोण?

शिलाईनंतर कपड्याला शेवटचे रूप देण्याच्या कामाला कारखान्यात फिनिशिंग म्हणतात. जीन्स प्युमिस दगडांबरोबर धुतात, एन्झाइमने धुतात, तिच्यावर पोटॅशियम परमँगनेट फवारतात. यातलाच एक प्रकार सँडब्लास्टिंग. कॉम्प्रेसरच्या दाबाने कापडावर वाळूचा मारा करायचा आणि निळा रंग उडवायचा. काम झटपट, खर्च कमी. पण वाळूत सिलिका असते. तिचा बारीक धुरळा श्वासातून आत जातो आणि फुप्फुस कडक होत जाते. हाच सिलिकोसिस. तो बरा करणारे औषध नाही.

खाणकामगाराला हा रोग सहसा अनेक वर्षांनी गाठतो. तुर्कस्तानात मात्र कोंदट खोल्यांत वाळू मारणाऱ्या कोवळ्या पोरांना त्याने थोड्याच काळात गाठले. एर्झुरुमच्या डॉक्टरांनी २००५ च्या सुमारास हे जगापुढे आणले. कोण होती ही पोरे? बिंगोलसारख्या गरीब भागातून पोटासाठी इस्तंबूलला आलेली, त्यांत कुर्द मोठ्या संख्येने. हजेरीपटावर नाव नाही, विमा नाही. कित्येक जण रात्री कारखान्यातच झोपत. धोका कोणाला ठाऊक नव्हता असे नाही. ब्रिटनने वाळूचा असा मारा विसाव्या शतकाच्या मध्यातच बंद केला होता!

ही वाटणी आम्हाला ओळखीची आहे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. कारण काय, तर धाग्याला थुंकी लागते, म्हणून विटाळ! चांगल्या मजुरीचे खाते सवर्णांचे, कमी मजुरीचे आमचे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर ठेवला. कोणते काम कोणाच्या वाट्याला येणार, हे यंत्र ठरवत नाही. समाजव्यवस्था ठरवते.

तुर्की कामगार रडत बसले नाहीत. डॉक्टर-वकिलांना सोबत घेऊन त्यांनी समिती उभारली. २००९ मध्ये सरकारला बंदी घालावी लागली. २०११ मध्ये विमा नसलेल्या सिलिकोसिसग्रस्तांनाही पेन्शन देणारा कायदा झाला. २०१० मध्ये लिव्हाइस आणि एचअँडएम या कंपन्यांनीही हा प्रकार सोडल्याचे जाहीर केले. तरी पुढच्या काही वर्षांत बांगलादेश आणि चीनमध्ये तो चालूच असल्याचे कामगार चळवळींच्या पाहण्यांत आढळले. एका देशातली बंदी धुरळा संपवत नाही. तो दुसऱ्या गरिबाच्या छातीकडे सरकतो.

म्हणून आमचे सांगणे आहे. वॉशिंग, डाइंग, फिनिशिंगच्या युनिटमध्ये आपला भाऊ, आपली बहीण कामाला असेल, तर आजच विचारा. हजेरीपटावर नाव आहे का? ईएसआयचा नंबर आहे का? धुरळा आणि वाफ बाहेर काढणारा पंखा चालतो का? कागदावर नाव नसलेल्या कामगाराचा आजारही कागदावर येत नाही. बाबासाहेबांनी दिलेला संघटित होण्याचा मंत्र कारखान्याच्या दारातही लागू आहे. फिकट जीन्स जरूर घाला, पण ती फिकट करताना कोणाचा श्वास गेला, हे विचारायला विसरू नका!