सांधा गेला, ताल गेला

प्रवासात काय ऐकावं, असं विचारलं की लोक आधी वाहनाकडे बघतात. गाडी पळती असेल तर गाणंही पळतं हवं, असा हिशेब. त्याला जुना आधार आहे. आळंदीहून पंढरपूरला निघालेल्या दिंडीत टाळ-मृदंग पावलाला धरून वाजतात. ओ. पी. नय्यर यांनी १९५७ च्या ‘नया दौर’मध्ये टांग्याच्या टापांवरच चाल बसवली. माडगूळकरांच्या अगीनगाडीच्या बालगीताची गोडीही तिच्या ठेक्यात आहे. पण वाहनाला ठेकाच उरला नाही तर? आगगाडीच्या बाबतीत नेमकं हेच झालं आहे, आणि त्यात भिलाईचा हात मोठा आहे.

आपल्याकडे ब्रॉडगेजचा एक रूळ पूर्वापार १३ मीटरचा. उन्हाळ्यात लोखंड वाढतं, म्हणून दोन रुळांच्या टोकांत फट ठेवायची आणि दोन्ही बाजूंनी फिशप्लेट लावून बोल्ट आवळायचे. चाक त्या फटीवरून गेलं की खट्. मागचं चाक आलं की पुन्हा खट्. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी असे सुमारे ७७ सांधे मिनिटाला ओलांडते. भजनाचा ठेका धरायला याहून बरी लय कोणती? रेल्वेच्या माणसाला मात्र हा आवाज म्हणजे कटकट: चाक आपटतं, रुळाचं टोक झिजतं, बोल्ट ढिले होतात. उपाय एकच, रूळ लांब करून सांधे कमी करणं, आणि तो भिलाईतून आला. सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन राजेंद्रप्रसादांनी फेब्रुवारी १९५९ मध्ये केलं. आज तिथे १३० मीटरचा अखंड रूळ लाटला जातो आणि असे दोन जोडून २६० मीटरची पट्टी रवाना होते. एवढ्याच लांबीत पूर्वी १९ सांधे पडत. आता एकच, तोही वितळवून जोडलेला. मार्गावर अशा पट्ट्या पुन्हा एकमेकींना जोडतात. लोखंडाची वाढ मग जाते कुठे? स्लीपर आणि खडी रुळाला इतकं घट्ट आवळून धरतात की त्याला हलायला वावच मिळत नाही. गाडी नुसती घरंगळत जाते.

म्हणून माझं म्हणणं असं की, आता गाणं वाहनाच्या वेगावरून निवडण्यात अर्थ नाही, प्रवासाच्या वेळेवरून निवडावं. भिलाईलगतच्या दुर्गहून नागपूर हे अंतर सुमारे २६५ किलोमीटर, म्हणजे एक्सप्रेसने साधारण चार तास. एवढ्या वेळात तीन-चार मिनिटांची गाणी लावायची तर साठ-सत्तर लागतात, आणि विसाव्यानंतर कान ऐकणं सोडून देतो. दिंडीकडे पुन्हा बघा. पावलाचा ठेका ही तिथली एक बाजू. दुसरी बाजू म्हणजे भजनाचा क्रम: पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ. सुमारे २५० किलोमीटरची वाट चालवते ती ही बांधणी.

भिलाईच्या प्रवाशाच्या तर उशाशीच असा लांब पल्ल्याचा ऐवज आहे. तीजनबाई गनियारीच्या, म्हणजे भिलाईच्या शेजारच्याच गावच्या. याच कारखान्यात त्यांनी नोकरी केली आणि २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांची पंडवानी म्हणजे हातात तंबुरा घेऊन सांगितलेलं महाभारत. गाता गाता त्या थांबून कथा सांगतात, तंबुऱ्याची कधी गदा होते, कधी धनुष्य. साथीचा ‘रागी’ हुंकार भरतो, मध्येच प्रश्न टाकतो. तो रागी श्रोत्याला डुलकी लागू देत नाही, हे प्रवासात फार सोयीचं. आपल्याकडचं कीर्तन याच जातीचं. बडा ख्यालही चालेल, पण मोटारीत त्याची सुरुवातीची मंद आलापी टायरच्या घरघरीत बुडते.

मोटार चालवणारे यावर हरकत घेतील: राष्ट्रीय महामार्ग ५३ वर रात्री कथा ऐकली तर झोप येईल, तिथे दणदणीत गाणंच हवं. इस्रायलमधल्या बेन-गुरियन विद्यापीठाच्या वॉरन ब्रॉडस्की यांनी आभासी मोटारीवर हे तपासून पाहिलं. संगीताची लय वाढली तसा चालकांचा वेग वाढला आणि लाल दिवे तोडण्याचे प्रकारही वाढले. झोपेवरचा उतारा साकोली-देवरीच्या ढाब्यावर गाडी उभी करणं हाच. दुसरी हरकत आवडीची. ज्याला तीन मिनिटांचं सिनेगीतच भावतं, त्याच्यावर महाभारत का लादायचं? लादू नयेच. पण त्यानेही एकाच संगीतकाराची, एकाच काळातली दहा-बारा गाणी ओळीने लावून बघावीत. सुट्या गाण्यांनाही मग बांधणी येते. ॲपने आपोआप पुढे ढकललेलं गाणं हे काम करत नाही, कारण आपण कुठे निघालोय आणि अजून किती वाट उरली आहे, याचा त्याला पत्ता नसतो.

तिसरी हरकत मला सर्वांत वजनदार वाटते: काहीच का ऐकावं? याच वाटेवर डोंगरगडनंतर दरेकसाचं जंगल आणि बोगदा येतो, तेव्हा कानातलं काढून ठेवावं हे मला मान्य आहे. तेवढ्यासाठी कथा थांबवता येते. रागी कुठे पळून जात नाही. शेजाऱ्याचं तसं नसतं. त्याला आपला स्पीकर बंद करता येत नाही, आणि रात्री दहानंतर मोठ्याने गाणी लावू नयेत असं रेल्वेनेही २०२२ मध्ये बजावलं आहे. तेव्हा इअरफोन लावावा आणि पंडवानीचा प्रसंग घरूनच उतरवून न्यावा. द्रौपदीचं वस्त्रहरण ऐन रंगात आलं असताना मध्येच साबणाची जाहिरात लागली, तर तीजनबाईंचा तंबुराही काही करू शकत नाही.