पडद्याबाहेरील दुर्बीण

आषाढ लागला म्हणजे आमच्या टाकवे बुद्रुक गांवावर मेघांचें छत पसरतें आणि कित्येक रात्री एकही तारा दृष्टीस पडत नाहीं. परंतु मेघ विरून आकाश निरभ्र झालें, म्हणजे तरी तेथील सर्व प्रकाश आपणांपर्यंत पोंचतो काय? नाहीं. हवेचा अदृश्य पडदा तेव्हांही आपणांवर असतोच. क्ष-किरण व बहुतेक अतिनील किरण तो अडवितो, म्हणूनच प्राणिमात्र पृथ्वीवर सुखानें नांदतात. यांत आम्हांस निर्मात्याची दयाच दिसते. तथापि अतितप्त ताऱ्यांचा व कृष्णविवरांभोंवतीं तापलेल्या वायूचा वृत्तांत याच किरणांतून येतो. तो वाचावयाचा, तर दुर्बीण पडद्याबाहेर नेली पाहिजे.

भारतानें २८ सप्टेंबर २०१५ रोजीं श्रीहरिकोटा येथून 'ॲस्ट्रोसॅट' ही वेधशाळा अवकाशांत धाडली. सुमारें ६५० किलोमीटर उंचीवरून ती पृथ्वीप्रदक्षिणा करूं लागली. तिजवरील क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत सिद्ध झाली. अतिनील दुर्बिणींच्या कामीं पुण्याच्या 'आयुका' संस्थेचा हातभार लागला. या दुर्बिणींचे मुख्य आरसे सुमारें ३८ सेंटिमीटर रुंदीचे, म्हणजे आपल्या घरच्या परातीएवढेच!

ऑक्टोबर २०१६ मध्यें या दुर्बिणींनीं आकाशाचा एक चिमुकला भाग २८ तासांहून अधिक काळ न्याहाळला. त्यांत एका दीर्घिकेचे अतिशय क्षीण अतिनील किरण आढळले. ते खरोखर तिचेच आहेत, अशी खात्री करून घेण्यास आयुकाचे कनक साहा व त्यांचे सहकारी यांना सुमारें दोन वर्षें लागलीं. २०२० सालीं हा शोध प्रसिद्ध झाला. ते किरण ९३० कोटी वर्षांपूर्वीं निघाले होते. आपल्या पृथ्वीचें वय अवघें सुमारें ४५४ कोटी वर्षें!

विश्वाच्या बालपणीं सर्वत्र पसरलेल्या हायड्रोजन वायूचें धुकें कोणत्या प्रकाशानें भेदलें, हें एक मोठें कोडें आहे. असे प्रखर किरण दीर्घिकेंतून बाहेर पडूं शकतात, हें या शोधानें दाखविलें, व कोडें सुटण्यास साहाय्य झालें. हबल दुर्बिणीचा आरसा २.४ मीटर रुंद. तरीही तिला हे किरण गवसले नव्हते. आपल्या दुर्बिणींच्या ग्राहक यंत्रांत निरर्थक नोंदींचा गलबला कमी होता, म्हणून क्षीण खूणही ओळखतां आली.

विद्यार्थिमित्रहो, साधन लहान म्हणून खेद करूं नका. पालकांसही आमची विनंती आहे कीं, पावसाळा सरल्यावर एके रात्रीं मुलांस अंगणांत न्यावें, आकाश दाखवावें, आणि त्यांनीं विचारलेल्या प्रश्नांस कंटाळूं नये.