शंभर किलोची गाडी

मुलाला वाहन चालविण्याचा परवाना मिळाला आणि त्याच संध्याकाळी तो म्हणाला, "अब्बा, एखादी जुनी आर. एक्स. १०० घेऊ या का?" मला हसू आले. मीही त्याच गाडीवर शिकलो होतो. ती भाईजानची होती.

यामाहाची ही मोटारसायकल १९८५ साली भारतात आली आणि १९९६ साली तिचे उत्पादन थांबले. तरी तिची मागणी संपली नाही. असे काय आहे तिच्यात? इंजिन ९८ सी.सी.चे, ताकद ११ अश्वशक्ती आणि वजन जेमतेम शंभर किलो. तेवढ्याच सी.सी.च्या फोर-स्ट्रोक गाड्यांची ताकद सात-आठ अश्वशक्तीच्या आसपास असे. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला इंधनाचा भडका उडतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एकदा. म्हणून ही चपळाई. पण त्यात ऑइलही जळते आणि थोडे पेट्रोल न जळताच धुराबरोबर निघून जाते. प्रदूषणाचे नियम कडक झाले तसा अशा गाड्यांना निरोप घ्यावा लागला.

नवशिक्याला अशी हलकी गाडी सोयीची, कारण कलली तरी पाय टेकून सावरता येते. मुरलेल्याला ती आवडते, कारण गिअर नेमक्या वेळी टाकला तरच ती खुलते.

पण श्रोतेहो, एक गोष्ट मला उशिरा कळली. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी रस्त्यात म्हैस आडवी आली. मी घाबरून मागचा ब्रेक करकचून दाबला. चाक जागीच अडले आणि गाडी मला घेऊन घसरत गेली. गुडघ्यावरची खूण अजून आहे. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लावल्यावर थांबायला अंतर चौपट लागते. गाडी हलकी म्हणून हे गणित माफ होत नाही. उलट हलकी गाडी वेग चटकन घेते, आणि तो किती झाला हे तरुण रक्ताला समजत नाही.

चाक अडू न देणारी ए.बी.एस. ही सोय भारतात २०१९ पासून सव्वाशे सी.सी.च्या वरच्या नव्या दुचाकींना सक्तीची झाली. जुन्या आर. एक्स.ला ती नाही. तिथे चालवणाऱ्याचा हात आणि पाय हीच सोय.

मुलाला मी नाही म्हटले नाही. त्याची अम्मी दारातून ऐकत होती. तिच्यासमोरच अट घातली: आधी हेल्मेट, मग महिनाभर रिकाम्या मैदानावर दोन्ही ब्रेक एकत्र लावण्याचा सराव. थांबायला शिकलास, की गाडी बघायला आपण दोघे जाऊ.