दुसऱ्यांच्या मैफलीतून स्वतःच्या रेकॉर्डपर्यंत

गायक बॉब डिलन जानेवारी १९६१ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचला तेव्हा १९ वर्षांचा होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात कोलंबियासारख्या बड्या रेकॉर्ड कंपनीने त्याला करारबद्ध केलं. नशीब फळफळलं, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण या नऊ महिन्यांत त्याला जवळजवळ प्रत्येक दार दुसऱ्या कुणाच्या तरी कार्यक्रमामुळे उघडलं.

न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागातल्या अनेक कॅफेंत नवख्याला मानधन नसे. गाणं संपलं की श्रोत्यांत टोपली फिरायची, तिच्यात पडेल ती कमाई. 'कॅफे व्हॉ?'मध्ये दुपारचे कार्यक्रम गायक फ्रेड नील सांभाळायचा. डिलन त्याच्या साथीला हार्मोनिका वाजवू लागला.

पैसे देणारी जागा म्हणजे 'गर्डीज फोक सिटी'. तिथे सोमवारी नवोदितांना गाता येई. मालक माइक पोर्को यांनी एप्रिलमध्ये त्याला ब्लूजगायक जॉन ली हूकरच्या आधी गायला बसवलं. त्यासाठी वादक संघटनेचं सभासदत्व हवं होतं आणि दारू मिळणाऱ्या जागी गायचं तर पोलिसांचं 'कॅबरे कार्ड'ही. दोन्हींसाठी पोर्कोच धावून आले.

सप्टेंबरात तिथेच तो 'ग्रीनब्रायर बॉइज' या बँडच्या आधी गात होता. मुख्य कलावंत ते. पण २९ तारखेच्या 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये समीक्षक रॉबर्ट शेल्टन यांनी भरभरून लिहिलं ते डिलनवर. योगायोग असा, की त्याच दिवशी तो कॅरोलिन हेस्टर या गायिकेच्या रेकॉर्डसाठी कोलंबियाच्या स्टुडिओत हार्मोनिका वाजवत होता. निर्माते होते जॉन हॅमंड. जॅझगायिका बिली हॉलिडेला पहिल्यांदा रेकॉर्ड करणारे हेच. डिलनला त्यांनी हेस्टरच्या तालमीतच हेरलं होतं. २६ ऑक्टोबरला करारावर सह्या झाल्या.

नोव्हेंबरात दोन दिवसांत त्याच्या पहिल्या रेकॉर्डचं ध्वनिमुद्रण उरकलं. गिटार, हार्मोनिका आणि आवाज. बाकी वाद्यवृंद नाहीच. खर्च जेमतेम ४०० डॉलर. मला हा आकडा फार महत्त्वाचा वाटतो, कारण एवढ्या रकमेत कंपनीला एका अनोळखी पोरावर पैज लावणं सोपं होतं. १३ गाण्यांपैकी त्याची स्वतःची दोनच.

मार्च १९६२ मध्ये आलेली ही रेकॉर्ड पहिल्या वर्षी सुमारे पाच हजारच खपली. कंपनीत तिला 'हॅमंडचा वेडेपणा' म्हणू लागले. हॅमंड यांनी मात्र डिलनचा हात सोडला नाही. मे १९६३ मध्ये दुसरी रेकॉर्ड आली, तिच्यातली बहुतेक सगळी गाणी त्याची स्वतःची होती.