शाळेचे माहितीपत्रक आणि छपाईची देखरेख

जून महिना जवळ आला की शाळांची माहितीपत्रके घरोघर येऊ लागतात. आपण ती चाळतो आणि बाजूस ठेवतो. परंतु श्रोतेहो, बीड जिल्ह्यात त्या चार पानांचे मोल निराळे आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली कुटुंबे उन्हाळ्यात गावी परततात. मुलाला कोठे घालावे, वसतिगृह आहे की नाही, शुल्क किती, हे ठरविण्यास त्यांच्या हाती थोडेच दिवस असतात. शुल्काचा एक आकडा चुकला, तर उचलीच्या पैशातून बापाने राखून ठेवलेला हिशेबच कोलमडतो.

म्हणून देखरेखीचा आरंभ छापखान्यात नव्हे, शाळेच्या टेबलावर व्हावयास हवा. मुद्रित दोघांनी तपासावे. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने मुद्रितावर बोट ठेवून ऐकावे. आकडे व तारखा पुन्हा स्वतंत्र पाहाव्यात, आणि दूरध्वनीचा क्रमांक तर प्रत्यक्ष लावूनच पाहावा! अंबाजोगाईसारख्या गावाचे नाव दोन-तीन रीतींनी लिहिले जाते. त्यातील एकच रूप पत्रकभर ठेवावे. ज्या गावी आद्यकवी मानल्या गेलेल्या मुकुंदराजांची समाधी आहे, तेथील शाळेच्या पत्रकात ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ अधिकच खुपतो.

जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, तेव्हा अक्षर शिशाच्या खिळ्याचे होते. आज ते संगणकात असले, तरी धोका टळलेला नाही. जुन्या पद्धतीच्या फाँटातील मजकूर युनिकोडमध्ये नेताना रफार सरकतो, जोडाक्षर फुटते. यास्तव रूपांतरानंतर सर्व मजकूर नव्याने वाचणे अवश्य आहे.

रंगीत छपाईत निळा, किरमिजी, पिवळा व काळा अशा चार शाया एकावर एक बसतात. बारीक मजकूर मात्र एकट्या काळ्या शाईतच घ्यावा. चारांपैकी एक ठसा केसभर हलला, तरी अनुस्वार पुसट होतो आणि मात्रा दुहेरी दिसते. छायाचित्र छापील आकारात इंचाला ३०० ठिपक्यांचे असावे. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले बहुधा आक्रसलेले असते. आणि छायाचित्र आपल्याच शाळेचे असावे, हे निराळे सांगावयास नको, तरीही सांगतो.

यंत्र सुरू होताना शाळेचा माणूस तेथे असावा. पहिले चांगले पान सहीच्या मुद्रिताशी ताडून त्यावर सही करावी आणि पुढे मधून मधून एकेक पान काढून त्याच्याशी मिळवावे, कारण शाई हळूहळू फिकट वा दाट होत जाते. कापणीसाठी कडेस ३ मिलिमीटर रंग अधिक सोडावा. गठ्ठे ताब्यात घेताना वरची नव्हे, मधली प्रत उघडावी.

इतके करूनही चूक राहिलीच, तर दुरुस्तीची चिठ्ठी प्रत्येक प्रतीत चिकटवावी. फलकावर लावलेले शुद्धिपत्र पाहण्यास तांड्यावरचा पालक येत नाही.